स्टॉक्स, लॉ, इत्यादी : टपालातून घडलेलं वनस्पतिशास्त्र

रानजाई

मागच्या पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर कंदीलपुष्प बघायला मिळालं. शास्त्रीय नाव सेरोपेजिया लॉई. आमच्या घोळक्यातल्या एका शाळकरी पोराने विचारलं, "लॉई म्हणजे? वकिलाचं फूल का?" सगळे हसलो, पण उत्तर एकाकडेही नव्हतं. दहा-दहा वर्षं ते नाव घोकतोय आम्ही.

घरी आल्यावर लंडनजवळच्या क्यू बागेच्या वनस्पतिसंग्रहाचे कागद उघडून बसले. हे कागद आता स्कॅन होऊन घरबसल्या दिसतात. व्यसन आहे, सांगून ठेवते. पिवळट जाड कागद, त्यावर पट्ट्या चिकटवून बसवलेली दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीची वाळकी फांदी, कोपऱ्यात बियांची पुडी, आणि खाली छापील चिठ्ठी. आपल्या भागातल्या कितीतरी कागदांवर एकच चिठ्ठी दिसते. वर हुकर आणि थॉमसन यांच्या संग्रहाचं नाव, खाली 'स्थळ : मलबार, कोकण, इत्यादी', आणि 'संकलक : स्टॉक्स, लॉ, इत्यादी'.

आता बघा. मलबार, कोकण, इत्यादी! म्हणजे केरळापासून ठाण्यापर्यंत कुठेही. झाड घाटमाथ्यावरचं की खाडीकाठचं, कशाचा पत्ता नाही. आणि संकलकांमधल्या त्या 'इत्यादी'त कोण कोण बसलंय, देव जाणे.

त्यातले दोघे तरी सापडले. जॉन लॉ हा मुंबई इलाख्यातला मुलकी अधिकारी, कचेरी सांभाळून झाडं गोळा करणारा. स्टॉक्स हा डॉक्टर, सिंधमध्ये नोकरीला होता, १८५४ मध्ये ऐन तिशीत गेला. त्यांच्या गठ्ठ्यांतल्या कितीतरी वनस्पती पुढे जोसेफ हुकर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाताखालून गेल्या. आपल्या कंदीलपुष्पाला लॉचं नाव हुकरने दिलं ते १८८३ मध्ये.

या हुकरच्या मागे लागले आणि मग पत्रांच्या ढिगातच जाऊन पडले. म्हणून हा धागा.

हुकर १८४३ मध्ये दक्षिण ध्रुवाकडची चार वर्षांची सफर करून परतला. वय २६. डार्विनने गलापागोस बेटांवरून आणलेल्या वनस्पती नीट अभ्यास न होता पडून होत्या, त्या हुकरकडे आल्या. तिथून पत्रं सुरू झाली ती डार्विन जाईपर्यंत, जवळजवळ चाळीस वर्षं. दोघांमधली सुमारे १,४०० पत्रं आज शिल्लक आहेत. ओळख होऊन जेमतेम दोन महिने झालेले असताना, ११ जानेवारी १८४४ च्या पत्रात डार्विन बियांच्या नि बेटांच्या चौकशा करता करता मध्येच लिहून जातो, की जाती कायमच्या ठरलेल्या नसतात अशी माझी जवळजवळ खात्री झालीय. आणि कंसात : हे म्हणजे खुनाची कबुली दिल्यासारखं वाटतंय.

हे वाक्य सगळ्यांना माहीत असतं. मला जास्त आवडलं ते हुकरचं उत्तर. दचकणं नाही, उपदेश नाही. जाती हळूहळू बदलत असतीलही, कशा बदलतात याबद्दल तुमचं म्हणणं ऐकायला आवडेल, आत्तापर्यंत ऐकलेल्या कशानेच माझं समाधान झालेलं नाही, एवढंच. खुनाची कबुली ऐकून माणूस म्हणतो, बसा, चहा घ्या, सविस्तर सांगा.

पण हुकर गोड गोड बोलणारा नव्हता. १८४५ मध्ये एका फ्रेंच लेखकाबद्दल त्याने सहज लिहिलं, की ज्याने स्वतः पुष्कळ जातींची बारकाईने वर्णनं केली नाहीत त्याला जाती म्हणजे काय यावर बोलायचा अधिकारच नाही. बोललं लेकीला, लागलं सुनेला. डार्विनने उलट कळवलं की तुमचं म्हणणं खरं आहे आणि मला ते झोंबलंय. पुढच्याच वर्षी तो समुद्रातल्या खडकांना चिकटणाऱ्या शिंपल्यासारख्या बार्नॅकलवर बसला, आणि आठ वर्षं उठला नाही.

मग खाऱ्या पाण्याचं प्रकरण. दूरच्या बेटांवर झाडं पोचली कशी? पूर्वी तिथे जमीन जोडलेली असणार, असं हुकरसारख्यांना वाटे. डार्विन म्हणे, बिया तरंगत गेल्या असतील. त्यावर आक्षेप असा की खाऱ्या पाण्यात बी मरतं. खरंच मरतं का, हे कुणी बघितलंच नव्हतं! १८५५ मध्ये डार्विनने घरी बाटल्या मांडल्या, मिठाच्या पाण्यात कोबी, मुळा, कांदा, असलं सगळं बुडवलं. कोबी-मुळ्याच्या बाटल्यांना असा वास सुटला की स्वतः हुंगल्याशिवाय विश्वास बसला नसता, असं त्यानेच कळवलंय. पोरं विचारत, बाबा, तुम्ही डॉक्टर हुकरना हरवणार ना? ८७ प्रकारांपैकी ६४ प्रकारांची बी २८ दिवस बुडूनही रुजली. आणि मग लक्षात आलं की बी जिवंत राहिलं तरी ते पाण्यात बुडतं! तळाशी गेलेलं बी कुठल्या बेटावर जाणार? या कृतघ्न बियांना उगाच मिठात घातलं, अशा अर्थाचं वैतागलेलं पत्र हुकरला गेलं. पुढे वाळलेल्या फांद्या फळांसकट तरंगवून त्यानेच वाट काढली. वाळलेले हेझलनट ९० दिवस तरंगले.

१८५७ मधल्या एका पत्रात डार्विन हुकरला म्हणतो की जगात दोन्ही तऱ्हेचे लोक असलेले बरे, कीस काढणारे आणि मोट बांधणारे. (भाषांतर माझं, पण इंग्रजीपेक्षा बरं जमलंय!) एका झाडाच्या पाच जाती करणारे ते पहिले, पाच झाडांची एक जात करणारे ते दुसरे. हुकर पक्का मोट बांधणारा.

तुम्हाला कुणाला असली पत्रं माहीत असतील तर इथे लिहा. नामांकित माणसांचीच हवीत असं नाही.

---

पेठेतला_पोपट

वाचतोय. 'बसा, चहा घ्या'ला दंडवत.

---

खडूस_मास्तर

लेख चांगला. एक खोड काढतोच, नावाला जागायला हवं. तुम्ही स्पीशीजला 'जाती' म्हटलंय ते बरोबर आहे. मराठी विश्वकोशात जीनस म्हणजे प्रजाती आणि स्पीशीज म्हणजे जाती. वर्तमानपत्रवाले मात्र सर्रास स्पीशीजला प्रजाती म्हणतात. परिणामी 'कासवर इतक्या प्रजाती' असं वाचलं की मला कळत नाही, मोजलं काय.

---

रानजाई

मास्तर, मान्य. पण लोक 'जात' शब्द का टाळतात हे तुम्हालाही ठाऊक आहे. माहितीफलकावर 'या फुलाची जात कोणती' असं लिहायला हात धजत नाही. इथे जातीच ठेवते.

---

डोंगरकपारी

कीस आणि मोट यांचा खेळ आपल्या कारवीवर काय झाला ते सांगतो. १८३२ मध्ये नीस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला स्ट्रोबिलँथिस कॅलोसा म्हटलं. १९४४ मध्ये ब्रेमेकँप नावाच्या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने या मोठ्या कुळीचा (म्हणजे जीनसचा) कीस पाडून तिच्या कितीतरी कुळ्या केल्या. त्यात आपल्या कारवीला स्वतंत्र घर मिळालं, आणि नावही आपल्या भाषेतलं : कार्विया! मग मोट बांधणारे आले, कार्विया मोडली, आणि बाई पुन्हा स्ट्रोबिलँथिसच्या एकत्र कुटुंबात. ती मात्र सात वर्षांनी एकदा फुलायची ती फुलतेच.

शिंदळ माकुडी या रानवनस्पतीचं तर विचारूच नका. डाल्झेलने १८६० च्या दशकात तिला फ्रेरिया इंडिका नाव दिलं, तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून. जुन्नरकडच्या डोंगरांवर मोजक्या ठिकाणी उरलीय. ती फ्रेरियातून कॅरॅलुमात गेली, तिथून बौसेरोसियात, आणि आता तुमच्या त्या कंदीलपुष्पाच्याच कुळीत, सेरोपेजियात, आणून बसवलीय. प्रत्येक बदलीबरोबर नवीन नाव. सरकारी नोकरासारखं.

हा डाल्झेल आपल्याकडे वनखात्यात होता. त्याने १८५० पासून पश्चिम भारतातल्या नव्या वनस्पतींची वर्णनं क्यूला धाडली आणि ती हुकरच्या वडिलांच्या, म्हणजे विल्यम हुकरच्या, नियतकालिकात छापून आली. त्याने आणि गिब्सनने मिळून १८६१ मध्ये मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची काढली. गिब्सन म्हणजे पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख, १८३८ पासून. पुढे इलाख्याचा पहिला वनसंरक्षक.

---

उपरा_पंत

धागा छान, पण सूर फार भक्तिभावाचा झालाय. दापोडीची बाग निघाली ती काय फुलं बघायला? औषधं पिकवायला आणि महसूल वाढवायला. हुकर सिक्कीममध्ये गेला, राजाची मनाई असताना तिबेटच्या हद्दीत पाय ठेवून आला, नोव्हेंबर १८४९ मध्ये त्याला आणि दार्जिलिंगच्या कँपबेल साहेबाला सिक्कीमच्या दिवाणाने अडकवून ठेवलं. दीडेक महिन्याने दोघे सुटले. आणि त्याची शिक्षा म्हणून इंग्रजांनी सिक्कीमचा दक्षिणेकडचा मुलूखच गिळला. हुकरने तिथून गोळा केलेल्या ऱ्होडोडेंड्रॉन या फुलझाडाची बी केवढ्याला पडली बघा.

आणि ते 'इत्यादी'! लॉ साहेब काय स्वतः कड्यावर लटकून फुलं काढत होता? ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्यातलं कुणीतरी दाखवायला होतंच असणार. त्याला गावठी नाव माहीत, फूल कधी येतं ते माहीत, गुरं खातात का ते माहीत. चिठ्ठीवर त्याच्यासाठी एक अक्षर नाही.

---

रानजाई

पंत, भक्तिभाव कमी करते, पण 'इत्यादी'वर बोट मीच आधी ठेवलं होतं हो! दापोडीच्या बागेत गिब्सनने १८४० च्या दशकाच्या शेवटी झाडांची चित्रं करवून घेतली होती. ती आज एडिंबरोच्या बागेत आहेत. काय चित्रं आहेत! पानाच्या मागच्या बाजूची लव दिसते. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढंच कळतं. नाव कुणी लिहून ठेवलं नाही. तोही इत्यादीच.

आणि हा तिरपेपणा फक्त आपल्याच वाट्याला आला असंही नाही. न्यूझीलंडमध्ये कोलेन्सो नावाचा मिशनरी होता, छापखाना चालवायचा, रानोमाळ फिरून हुकरला वर्षानुवर्षं नमुने पाठवायचा. त्याला वाटे, आपण सापडवलेली ही नवी जात. हुकरने त्याला १८५४ मध्ये सुनावलं, की तुमच्याकडे वनस्पतिसंग्रह नाही म्हणून तुम्ही जगातले अगदी प्रसिद्ध नेचे नवीन म्हणून वर्णन केलेत. आता गंमत अशी, की हुकरच्या हाताशी जगभरचे कागद होते त्यामुळे त्याला साम्य दिसे. कोलेन्सोने झाड जिवंत, चारही ऋतूंत पाहिलेलं, त्यामुळे त्याला फरक दिसे. दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण शिक्का क्यूचा.

---

ताम्हण_६२

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त. फसलेल्या पत्रव्यवहाराची एक गोष्ट सांगते.

ब्रूनचा मेंडेल. वाटाण्याचे प्रयोग १८६६ मध्ये छापून झाले, कुणी ढुंकून पाहिलं नाही. त्याने एक प्रत म्युनिकला कार्ल नेगेलीला पाठवली, सोबत पत्र. नेगेली मोठं नाव. त्याने उत्तर दिलं, पण कसं, तर हे प्रयोग म्हणजे नुसती सुरुवात आहे, अजून बरंच करायला हवं, अशा थाटात. नेगेलीचा स्वतःचा जीव हायरेसियम नावाच्या रानफुलात गुंतलेला, शेवंतीच्या कुळातलं पिवळं फूल. मेंडेलही त्याच्या मागे होताच. मग १८६६ ते १८७३ मेंडेलने त्याला लांबलचक पत्रं लिहिली, बिया पाठवल्या, रोपं पाठवली. एवढ्याशा फुलातले पुंकेसर भिंग लावून खुडायचे. त्या कामाने त्याचे डोळे दुखावले, काही काळ काम थांबवावं लागलं.

आणि निकाल? वाटाण्यात जे नियम लख्ख दिसले ते हायरेसियममध्ये दिसेचनात. संकराची पिल्लं पुढच्या पिढीत फुटून वेगळी होईचनात, सगळी आईसारखी. बिचाऱ्याला कळेना चुकतंय कुठे. चुकत काहीच नव्हतं. हायरेसियम बहुतेक वेळा फलन न होताच बी धरतं, त्यामुळे बी म्हणजे आईची नक्कल. हे कळलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, मेंडेल जाऊन वीस वर्षं झाल्यावर.

ही पत्रं १९०५ मध्ये छापली कुणी, तर नेगेलीच्याच शिष्याने, कॉरेन्सने. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करत. नेगेलीला खलनायक करायची मला कधी इच्छा झाली नाही. आपल्याकडे कुणा अनोळखी माणसाचं आकडेमोडीने भरलेलं बाड आलं तर आपण काय करतो? मी तरी एकदोनदा तसंच कपाटात ठेवलेलं आहे.

---

पेठेतला_पोपट

ताई, शेवटचं वाक्य वाचून थांबलो जरा. मेंडेलने डार्विनला पत्र लिहिलं होतं का?

---

ताम्हण_६२

नाही. दोघांमध्ये पत्रव्यवहार झालेला नाही. मेंडेलने डार्विन जर्मन भाषांतरात वाचला होता, समासात खुणाही केल्या होत्या.

---

सड्यावरची

कासला सीतेची आसवं बघून 'कित्ती गोड' म्हणणाऱ्यांसाठी हा प्रतिसाद. ते फूल मांसाहारी आहे. खाली ओल्या मातीत बारीक फुगे असतात, त्यात सूक्ष्म जीव अडकतात. शास्त्रीय नाव युट्रिक्युलेरिया. याच कुळीतल्या पाणवनस्पतींवर डार्विन काम करत होता. त्याचा समज असा की प्राणी आपणच डोकं खुपसून फुग्याचं दार ढकलतात आणि आत जातात.

अमेरिकेत न्यू जर्सीला मेरी ट्रीट नावाची बाई होती. विद्यापीठ नाही, पद नाही, मासिकांत निसर्गावर लिहून पोट भरायची. ती सूक्ष्मदर्शकाखाली फुगे ठेवून तासन्‌तास बघत बसली. तिला दिसलं की प्राणी दाराजवळ आला की एका क्षणात आत ओढला जातो, ढकलण्याचा संबंध नाही. तिने कळवलं. डार्विनने १८७५ मध्ये उलट लिहिलं, की पाचरीसारखं डोकं खुपसण्याबद्दल माझं साफ चुकलेलं दिसतंय. आज माहीत आहे की फुग्यात आधीच दाब कमी केलेला असतो, दाराच्या केसांना धक्का लागला की पाण्यासकट सगळं आत.

पंतांच्या मुद्द्यावर : डार्विनने आपल्या पुस्तकात मेरी ट्रीटचं नाव घेतलं. तिथे तरी इत्यादी नाही.

---

उपरा_पंत

सड्यावरची, हे आवडलं. मग माझ्याकडूनही एक. एडिंबरोच्या बागेत जॉन स्कॉट म्हणून साधा माळी होता. १८६२ मध्ये डार्विनचं ऑर्किडवरचं पुस्तक आलं, त्यात अॅक्रोपेरा नावाच्या ऑर्किडचं परागीभवन डार्विनला जमलं नव्हतं आणि त्यावरून त्याने चुकीचा निष्कर्ष काढला होता. स्कॉटने ते करून दाखवलं, शेंग धरली, आणि थेट डार्विनला पत्र टाकलं की साहेब, तुमचं चुकलंय. डार्विन खूश! पत्रांवर पत्रं. पण बागेतल्या वरिष्ठांशी स्कॉटचं जमेना, नोकरी सुटली. डार्विनने हुकरला गळ घातली, प्रवासाचे पैसे दिले, आणि १८६४ मध्ये स्कॉट कलकत्त्याला आला. तिथल्या बागेत मोठ्या पदावर चढला. पुढे त्याला सरकारने अफूच्या पिकावर प्रयोग करायला लावलं. म्हणजे फिरून गाडी माझ्याच मुद्द्यावर आली, पण जाऊ दे.

---

खडूस_मास्तर

एक राहिलं. १८५८ मध्ये जाती कशा बदलतात याचं डार्विनसारखंच उत्तर मांडणारा वॉलेस या निसर्गअभ्यासकाचा लेख इंडोनेशियातल्या टर्नाटे बेटावरून आला तेव्हा डार्विनची धांदल उडाली, हे सगळे सांगतात. पण हुकर आणि भूशास्त्रज्ञ लायेल यांनी १ जुलैला लिनियन सोसायटीत वॉलेसच्या लेखासोबत वाचलं काय? डार्विनचा १८४४ च्या निबंधातला उतारा, जो हुकरने पूर्वीच वाचलेला होता, आणि ५ सप्टेंबर १८५७ ला अमेरिकेतल्या एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्राचा भाग. खाजगी पत्र पुरावा म्हणून उपयोगी पडलं, तारखेसकट. आजच्या 'दिस मेसेज वॉज डिलीटेड'च्या काळात ही सोय गेली.

---

घरचा_माळी

धागा वाचला त्याच रात्री मीही बाटल्या मांडल्या. लिटरला ३५ ग्रॅम मीठ. तूर, वाल, मेथी, मोहरी, टोमॅटो, मिरची, प्रत्येकी वीस दाणे. बाटल्या गॅलरीत. निकाल कळवतो.

---

पेठेतला_पोपट

काका, हुकर कोण आहे तुमच्या घरी?

---

घरचा_माळी

बायको. पैज दोन प्लेट साबुदाणावड्यांची.

---

घरचा_माळी

आज अठ्ठाविसावा दिवस उलटून दहा दिवस झाले. काढलेले दाणे धुऊन ओल्या मातीत पेरले होते. तूर आणि वाल : शून्य, पहिल्याच आठवड्यात फुगून फुटले होते. डार्विनलाही शेंगवर्गीयांनी असाच दगा दिला होता असं नंतर वाचलं, जरा बरं वाटलं. मेथी शून्य. टोमॅटो वीसपैकी चार. मिरची वीसपैकी अकरा! तरंगण्याचं म्हणाल तर मिरचीचे थोडे दाणे दोन दिवस वर होते, बाकी सगळे तळाशी.

मोहरीचा निकाल लागू शकला नाही. पंधराव्या दिवशी वास शेजाऱ्यांपर्यंत गेला आणि हुकरबाईंनी बाटली कचऱ्याच्या गाडीत घातली. वडे कुणी तळायचे यावर अजून एकमत नाही. मिरचीची रोपं हाताशी आली की कुंडीत लावतो.

---

रानजाई

काका, लावताना कुंडीवर चिठ्ठी लावा. आणि काकूंचं नाव पूर्ण लिहा हं.